गंजाच्या बुडावरचं पान

चामोर्शीत कुणाला कुठलं देऊळ, कुठली मशीद, कुठला दर्गा सापडत नसला, तर लोक त्याला बसस्टँडमागच्या इब्राहीमभाऊकडे पाठवतात. मोबाइल दाखवतो तो रस्ता वेगळा आणि इब्राहीमभाऊ सांगतो तो वेगळा. मोबाइल म्हणतो, चारशे मीटरवर डावीकडे वळा. इब्राहीमभाऊ विचारतो, "कोनतं मंदिर? ज्याच्या गंजाचा एक कान तुटला हाय ते का?" आता यात्रेकरूला काय ठाऊक, देवाच्या भांड्याचा कान तुटला की शाबूत आहे! तो बावचळतो. मग इब्राहीमभाऊ कपाळाला हात लावतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगतो. सांगतो मात्र बिनचूक.

हा माणूस कलईवाला. वय अडुसष्ट, उंची बेताची, दाढी पांढरी, आणि हाताची बोटं नवसागराच्या धुरानं कायमची काळवंडलेली. घरोघरची पितळेची भांडी गेली, अ‍ॅल्युमिनियम आलं, मग स्टील आलं आणि गावोगावचे कलईवाले कुणी पंक्चरच्या दुकानात गेले, कुणी भाजी विकायला बसले. इब्राहीमभाऊ तगला तो देवांच्या जिवावर. घरातलं पितळ लोकांनी मोडीत घातलं, पण देवाचं कोण मोडीत घालणार? भंडाऱ्याच्या जेवणाचे मोठमोठे गंज, उरुसाच्या देगा, देवीच्या परड्या, सगळं पितळेचं, तांब्याचं. वर्षातून एकदा तरी त्याला कलई लागतेच. म्हणून वैनगंगेच्या या काठापासून पार एटापल्लीच्या जंगलापर्यंत भिंत-छप्पर असलेलं असं प्रार्थनेचं ठिकाण नाही, जिथं हा माणूस चपला काढून गेला नाही.

चपलांचं त्याचं फार कडक. काम हाती घ्यायच्या आधी तो त्या ठिकाणी जाऊन उभा राहायचा. मशीद असली तर दोन रकात नमाज, देऊळ असलं तर पायरीशी नुसता उभा, मान खाली घालून. एकदा कुणीतरी खोचकपणे विचारलं, तुमचं काय काम तिथं? त्यावर म्हातारा भडकला. ज्याच्या घरचं भांडं हातात घ्यायचं, त्याच्या दारात तोंडही दाखवायचं नाही, ही कुठली रीत, असं त्यानं भर चौकात सुनावलं. विचारणारा पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

हे सगळं त्याला अब्बांकडून आलेलं. अब्बाही कलईवाले. सायकलला पुढं भाता, मागं कोळशाचं पोतं आणि पोत्यावर बसवलेला लहानगा इब्राहीम. पंधरा-पंधरा दिवसांची फेरी असायची. एका गावाची भांडी दुसऱ्या गावच्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून अब्बा प्रत्येकाच्या बुडावर छिन्नीनं खूण करायचे. अब्बांना अक्षर येत नव्हतं, मग खुणा चित्रांच्या. नदीकाठच्या मार्कंड्याच्या मंदिराच्या भांड्यांवर पाण्याची लाट. दर्ग्याच्या देगीवर चंद्रकोर. आणि जंगलातल्या ज्या गावांत देवाला भिंत नाही, छप्पर नाही, देव झाडाखालीच असतो, त्या गावच्या भांड्यांवर एक पान. पानाखाली रेघा. वाटेतलं शेवटचं मोठं गाव सोडलं की जितक्या रेघा तितके नाले ओलांडायचे. एवढ्यावर त्या माणसानं आयुष्यभर कुणाचं भांडं कुणाला दिलं नाही. अब्बांनंतर ही झाडाखालची ठाणी मात्र इब्राहीमभाऊच्या फेरीतून सुटली.

तर यंदाच्या महाशिवरात्रीची गोष्ट. मार्कंड्याला जत्रा भरलेली, आणि इब्राहीमभाऊ नदीकाठच्या भंडाऱ्याचे गंज चकचकीत करून नुकताच बिडी पेटवत बसला होता. तिथं एक म्हातारी बाई आली, सोबत तिशीतला मुलगा. बाई सुकरी, मुलगा दिनेश, दोघं बल्लारपूरचे. मुलगा पेपर मिलमध्ये ठेकेदाराकडं कामाला. बाईच्या काखेत एक बोचकं होतं आणि ते ती खाली ठेवायला तयार नव्हती. मंदिरातल्या तीन पुजाऱ्यांना विचारून झालं होतं. तिसऱ्यानं या म्हाताऱ्याकडं बोट दाखवलं.

बाईनं जे सांगितलं ते असं. तिचा नवरा झिंगू नरोटे सत्तरी ओलांडून गेल्या वर्षी वारला. माणूस गोंड, जंगलातल्या कुठल्याशा गावचा. पाच-सहा वर्षांचा असताना घरातली सगळी माणसं साथीत गेली, आणि बांबू तोडायला आलेल्या लोकांनी हे एकटं उरलेलं पोर उचलून बल्लारपूरला नेलं. गावाचं नावसुद्धा पोराला धड सांगता येईना. पुढं तिथंच वाढला, तिथंच लग्न केलं, तिथंच म्हातारा झाला. आता त्यांच्यात रीत अशी, की माणूस मेला म्हणजे त्याच्या नावाचा एक खडा घ्यायचा आणि त्याच्या कुळाच्या देवठाण्यात, सगळ्या पूर्वजांत नेऊन मिळवायचा. तोवर तो माणूस ना इथला ना तिथला. खडा बोचक्यात होता. ठाणं कुठं आहे ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

दिनेशनं प्रयत्न केला नव्हता असं नाही. मोबाइलवर शोधून तो एटापल्लीकडच्या एका देवळात जाऊन आला होता. चांगलं रंगवलेलं, फरशी बसवलेलं देऊळ. तिथल्या माणसानं सांगितलं, देव सगळीकडे एकच, ठेवा इथंच. पोरगं भाबडं, खडा ठेवून, नारळ फोडून घरी आलं. सुकरीनं ऐकलं आणि दोन दिवस अन्नाला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः बसनं गेली आणि खडा परत घेऊन आली. झिंगूला गावाबद्दल एकच गोष्ट पक्की आठवायची. होळीच्या आधीच्या बुधवारी देवाची जत्रा असते, आणि मेलेल्यांना त्याच दिवशी देवात घेतात. तो बुधवार दोन आठवड्यांवर होता. हुकला की पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षाची खात्री सुकरीला वाटत नव्हती. तिचा दमा आता रात्रीचा दिवसावरही आला होता.

इब्राहीमभाऊ मान हलवत ऐकत होता. देवठाणी काय थोडी आहेत? नरोट्यांचीच किती! तो तसं सांगणारच होता, तेवढ्यात बाईनं बोचकं सोडलं. खडा एका फडक्यात, आणि फडकं एका पितळी गंजात. लहानसा, दोन शेर तांदळाचा. साथीतून वाचलेल्या पोराबरोबर घरातून तेवढीच एक वस्तू आली होती. म्हाताऱ्यानं सवयीनं तो गंज उपडा केला. सवय वाईट. कुठलंही भांडं दिसलं की आधी बूड बघणार.

बुडावर एक पान होतं, आणि पानाखाली तीन रेघा.

बिडी विझली तरी त्याला कळलं नाही. पानाच्या देठाला अब्बा एक छोटासा वळसा द्यायचे, तोसुद्धा होता. अब्बांना जाऊन एकेचाळीस वर्षं झाली होती. म्हातारा त्या रेघांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "बाई, मी नेतो तुमाले."

घरी खातूननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हे ऐकून डोक्याला हात लावला. एक तर तोवर रमजान सुरू होणार. त्यात या वयात तो जुना तीनचाकी टेम्पो, जंगलातला रस्ता आणि फाल्गुनातलं ऊन. प्रवासात रोजा सोडायची मुभा असते, निदान तेवढी तरी घ्या, असं तिनं दहादा बजावलं. त्यानं दहाही वेळा हो म्हटलं आणि रोजा धरूनच निघाला. चाळीस वर्षांच्या संसारात तिला याहून निराळं काही अपेक्षित नव्हतं, म्हणून तिनं खजुराची पुडी आधीच टेम्पोत ठेवून दिली होती. भाता आणि कोळसा त्यानं स्वतः ठेवला. काम असो नसो, भात्याशिवाय हा माणूस गावाबाहेर पडत नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी तिघं निघाले. चामोर्शीहून घोट, घोटवरून रेगडी, आणि तिथून पुढं एटापल्लीकडं जाणारा जंगलातला रस्ता. इब्राहीमभाऊची फेरी आयुष्यभर अशीच, चामोर्शीतून सुरू होणारी. रेगडी सोडल्यावर त्यानं नाले मोजायला घेतले. आता सगळ्यांवर पूल झालेत, नाला कधी आला नि कधी गेला कळत नाही, म्हणून प्रत्येक पुलावर टेम्पो थांबवून खाली वाकून बघायचा. दिनेश वैतागला. एक, दोन, तीन. तिसऱ्या नाल्यापलीकडं उजव्या हाताला गाव होतं. म्हाताऱ्याची छाती फुगली.

गावातली माणसं भली. पाणी दिलं, खाट टाकली, सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं हळूच सांगितलं, की इथं नरोटे कुणी नाहीत, कधी नव्हते, आणि इथल्या देवाची जत्रा तर पौषातच होऊन गेली. पितळी गंजाचं बूड त्यानं निरखून बघितलं. असली खूण त्याच्या पाहण्यात नव्हती.

झालं! इब्राहीमभाऊचं तोंड एवढंसं झालं. ज्या माणसाला दोन जिल्ह्यांतले लोक देवाचा पत्ता विचारतात, तो एका म्हाताऱ्या बाईला, दमा असलेल्या, एवढ्या लांब जंगलात फरफटत आणून भलत्याच दारात उभी करतो. त्याला तिच्याकडं बघवेना. दिनेश म्हणाला, आई, माणसं चांगली आहेत, झाडही आहे, देवही आहे, इथंच विचारू का? सुकरी गंज मांडीवर घेऊन बसली होती.

"दुसऱ्याच्या घरी कसा ठेवू त्याले?" ती म्हणाली. "जनमभर दुसऱ्याच्याच घरी राह्यला तो."

सूर्य बुडाला तशी म्हाताऱ्यानं खजूर तोंडात टाकला. त्या रात्री तिघं तिथंच राहिले.

बुधवारी पहाटे गावाचा निरोप घेऊन परत निघाले. परत म्हणजे घराकडं, रेगडीच्या दिशेनं. दुसरं काय करणार? सूर्य नुकता वर आला होता. टेम्पोला दारं नाहीत, ऊन सरळ आत येत होतं. सुकरी मागं गंज धरून बसलेली, दिनेश मोबाइलवर मिलमध्ये सुट्टी वाढवून मागत होता. इब्राहीमभाऊ गाडी हाकत होता आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होता. कोस-दोन कोस गेल्यावर त्याचा उजवा कान तापला. त्यानं गमछा ओढून कानावर घेतला, आणि हात तिथंच राहिला.

कारण हा कान त्याच्या ओळखीचा होता. पोत्यावर बसलेला असताना रोज सकाळी त्याचा उजवाच कान तापायचा. तो रडायचा, आणि अब्बा सायकल थांबवून आपला गमछा त्या कानावरून बांधून द्यायचे. या जंगलातल्या रस्त्यावर सकाळी उजवा कान तापतो तो एटापल्लीकडून रेगडीकडं येणाऱ्याचा. उलट जाणाऱ्याचा डावा तापेल. म्हणजे अब्बा चामोर्शीहून येत नव्हते. ते अहेरीवरून वर चढायचे, एटापल्ली करून, आणि चामोर्शीला त्यांची फेरी संपायची. सोईसाठी, बसच्या वेळा धरून, फेरी उलटी केली ती इब्राहीमनं, अब्बा गेल्यानंतर. आणि चाळीस वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नाही की आपण रस्ता उलटा केला तरी अब्बांच्या रेघा काही उलट्या होत नाहीत. पान खरं होतं, रेघा खऱ्या होत्या. मोजायची सुरुवात चुकली होती.

त्यानं भर रस्त्यात टेम्पो फिरवला. दिनेशनं विचारलं, चाचा, काऊन? म्हाताऱ्यानं सांगायचा प्रयत्न केला, पण कानाची गोष्ट त्या पोराला काय समजणार. सुकरीनं मात्र मागून एवढंच म्हटलं, जाऊ दे त्याहिले, जातात तिकडं जाऊ दे.

आता ते थेट एटापल्लीला जाऊन पोचले. मधलं गाव कुठलं असेल याचा अंदाज दिनेश बांधू लागला, तर म्हाताऱ्यानं त्याला गप्प केलं. काल अंदाजानंच घात केला होता. एटापल्लीच्या शेवटच्या घरापाशी त्यानं टेम्पो वळवला आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडून येणाऱ्या ट्रकांची लाल धूळ अंगभर बसली होती, घसा कोरडा पडला होता आणि पाण्याला तो शिवत नव्हता. सुकरीनं एकदा बाटली पुढं केली, मग तिच्याच लक्षात आलं आणि तिनंही प्यायचं थांबवलं. एक नाला. बऱ्याच वेळानं दुसरा. तिसऱ्या पुलावर तो खाली वाकला तेव्हा त्याला आधी पाणी दिसलं नाही, ढोल ऐकू आला.

पुलापासून पायवाटेनं अर्धा कोस. जत्रा ऐन भरात होती. गावातला जुना माणूस पत्रू, देवाचं सगळं त्याच्याच हातात. लाल धुळीनं माखलेले तिघं अनोळखी लोक बघून त्यानं ढोल थांबवला. सुकरीनं गोंडीत सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता तिला धाप लागली. पत्रूचा चेहरा हलला नाही. दूरच्या माणसांनी येऊन आम्ही तुमचेच म्हणावं आणि त्यांचं माणूस देवात घ्यावं, एवढं ते सोपं नव्हतं. एकदा आत घेतलेला बाहेर काढता येत नाही. तो विचार करत राहिला, आणि वर सूर्य कलायला लागला.

तेव्हा इब्राहीमभाऊ पुढं झाला. त्याला गोंडी तोडकीमोडकी येते, पण तो मराठीतच बोलला. "भाऊ, मी काई तुमच्यातला नाई. फक्त देवाचा मोठा गंज उपडा करून दाखवा मले."

मागणी विचित्र. पण पत्रूनं दोघांना खुणावलं. जेवणाचा भलामोठा पितळी गंज, अजून रिकामाच होता, तो त्यांनी पालथा घातला. वर काजळीचा थर. म्हाताऱ्यानं राख घेतली, ओल्या पानांनी घासायला लागला. सगळी जत्रा भोवती गोळा होऊन एका मुसलमान म्हाताऱ्याला भांडं घासताना बघत होती. आधी देठ दिसला, वळशासकट. मग पान. मग एकेक करून तीन रेघा. सुकरीनं आपला छोटा गंज त्याच्या शेजारी पालथा ठेवला.

पत्रू खाली बसला. दोन्ही खुणांवर त्यानं हात ठेवला, आणि मग सुकरीला विचारलं, झिंगूच्या बापाचं नाव काय? इतवारी, ती म्हणाली. पत्रूचे डोळे भरून आले. तो आणि झिंगू एका वयाचे. साथ आली तेव्हा पत्रूच्या घरच्यांनी जंगलात पळ काढला होता, आणि परत आले तेव्हा इतवारीचं घर रिकामं होतं. पोर वाघानं नेलं असेल असं इतकी वर्षं गाव समजून चाललं होतं. "आला का रे," असं तो त्या फडक्यातल्या खड्याला म्हणाला, आणि उठला.

ठाण्याच्या आत त्या गावात बाया जात नाहीत, आणि परका तर नाहीच. दगडांची एक ओळ आहे, तिच्यापलीकडं दिनेश एकटा गेला, ओंजळीत खडा घेऊन. ओळीच्या अलीकडं सुकरी बसली. तिच्यापासून हातभर अंतरावर इब्राहीमभाऊ चपला काढून उभा राहिला, मान खाली घालून, जसा तो प्रत्येक देवाच्या दारात उभा राहतो. आत काय झालं ते दोघांना दिसलं नाही. ढोल पुन्हा सुरू झाला तेव्हा सुकरी रडली. अगदी मोकळेपणानं रडली, वर्षभराचं सगळं. म्हाताऱ्यानं तिला रडू दिलं.

मग पत्रूनं येऊन विचारलं, देवाच्या गंजाला कलई करून देशील का? बावीस-तेवीस वर्षांत कुणी कलईवाला फिरकला नव्हता. विचारायचं काम होतं का! मोहाच्या झाडाखाली एक खळगा होता, तिथं भाता मांडायला पत्रूनं सांगितलं. तुझा बाप इथंच मांडायचा, तो म्हणाला, मला आठवतं, धूर निघाला की आम्ही पोरं खोकत खोकत तिथंच बसायचो. इब्राहीमभाऊनं खळग्यात हात घालून बघितला. तळाशी अजून कोळशाची काळी माती होती. अडुसष्ट वर्षांचा माणूस, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, पण त्यानं भाता असा मारला की दिनेशला बघत राहावंसं वाटलं. नवसागराचा पांढरा धूर उठला, कथील वितळलं, आणि त्या बुढ्ढ्या गंजाचं पोट आतून चांदीसारखं निघालं.

सूर्य झाडांमागं गेला तेव्हा सुकरीनंच आठवण केली. तिनं पाण्याचा गडवा आणि खजुराची पुडी त्याच्यापुढं ठेवली, आणि तो पहिला घोट घेईपर्यंत समोर बसून राहिली. आपलं पाणी ती त्याच्यानंतर प्याली.

निघायच्या आधी त्यानं तिचा लहान गंजही मागून घेतला. साठ वर्षांच्या घासण्यानं खूण पुसट झाली होती. त्यानं छिन्नी काढली, पान जसंच्या तसं वळशासकट उजळलं. रेघांपाशी आल्यावर मात्र तो थांबला. आपल्या फेरीच्या हिशेबानं या रेघा सहा होतील, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं अब्बांच्याच तीन ठेवल्या, आणि दिनेशला जवळ बोलावून तीनदा घोकून घेतलं, की मोजायचं ते एटापल्लीच्या शेवटच्या घरापासून.

पण गंज इथंच देवाला द्यायचा असेल ना आता, असं त्यानं सुकरीला विचारलं. झिंगू पोचला होता, भांड्याचं काम झालं होतं. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि गंज काखेत घ्यायला हात पुढं केला. मग बुडाकडं बघून तिनं तो परत त्याच्याकडं दिला.

"रेघा जरा खोल मारा, भाऊ," ती म्हणाली. "पुढच्या बारीले दिनेशले मले याच्यात घेऊन इथी याचं हाय."

इब्राहीमभाऊनं छिन्नी पुन्हा लावली.